बेटावर तंबू टाकायचाय? आधी परतीची बोट बघा

दूरच्या बेटावर मुक्कामाला जायचं ठरलं की बहुतेकजण पहिला प्रश्न विचारतात तो तंबूचा. कुठला घेऊ, किती माणसांचा घेऊ, वजन किती असावं. तो प्रश्न पाचवा-सहावा आहे. पहिला प्रश्न असा, की परत कधी आणि कशाने यायचं. डोंगरावर किंवा जंगलात मुक्कामाला असताना पावसाने झोडपलं, तर सामान गुंडाळून, चिखल तुडवत का होईना, खाली उतरता येतं. बेटावर ती सोय नाही. बोट आठवड्यातून दोनदा येत असेल तर तुम्हाला निघताही दोनदाच येतं, आणि समुद्र खवळला तर तेवढंही नाही. पाणी किती न्यायचं, शिधा किती, औषधं किती, रजा किती, ही सगळी गणितं याच एका गोष्टीवर ठरतात. खालचा क्रमही त्याच हिशेबाने लावला आहे.

१. परतीची बोट ठरवा, मग जायची

बेटांच्या फेऱ्या साधारण दोन प्रकारच्या असतात. वस्ती असलेल्या बेटांना बारमाही बोट असते. तिच्यातून टपाल, किराणा, गावकरी असं सगळं जातं, त्यामुळे ती सहसा भरवशाची. निर्जन किंवा संरक्षित बेटांना मात्र हंगामी बोट असते, आणि पुरेसे प्रवासी नसले तर ती सुटेलच असं नाही. तुमची बोट यातली कुठली, हे आधी समजून घ्या.

वेळापत्रक वाचताना तळाच्या बारीक अक्षरांपासून सुरुवात करा. तारांकित फेऱ्यांत खरी गंमत असते: ‘फक्त सुट्टीच्या काळात’, ‘आगाऊ मागणी असल्यासच’, ‘भरतीप्रमाणे वेळ बदलेल’. हंगाम बदलतो त्या आठवड्यात जाण्याचं बोटीचं वेळापत्रक एक आणि येण्याचं दुसरंच, असंही होतं. काही बेटं तर हंगामाबाहेर चक्क बंद असतात. अमेरिकेत सुपीरियर सरोवरातलं आइल रॉयल हे राष्ट्रीय उद्यान दरवर्षी १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल बंद असतं. पहिल्यांदा जात असाल तर हंगामाच्या ऐन मध्यावरची तारीख घ्या. गर्दी असेल, असू दे. हंगामाच्या टोकाला निवांतपणा मिळतो खरा, पण फेऱ्या कमी आणि रद्द होण्याची शक्यता जास्त असते.

जायची आणि यायची तिकिटं एकाच वेळी काढा. जायला जागा आहे म्हणजे यायलाही असेल, असं धरून चालू नका. रविवारी दुपारच्या परतीच्या बोटी सगळ्यात आधी भरतात. आणि हंगामातल्या किंवा दिवसातल्या शेवटच्या फेरीवर परतीचा बेत कधीच बांधू नका. ती चुकली किंवा रद्द झाली तर तिच्यामागे काहीच नसतं.

बुकिंग करण्यापूर्वी बोटवाल्यांना एक फोन जरूर करा. संकेतस्थळावर सापडत नाहीत अशा गोष्टी तिथे दोन मिनिटांत कळतात:

- फेरी रद्द झाली तर कळवतात कसं? बेटावर नेटवर्क नसेल तर कोणाकडून कळतं?
- रद्द फेरीच्या प्रवाशांना पुढच्या बोटीत आधी घेतात, की नव्याने रांग लावायची?
- माणशी किती सामान आणि किती वजन चालतं?
- स्टोव्हचा गॅस किंवा इंधन चालतं का, आणि ते कुठे ठेवायचं?

यात दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर नीट ऐका. राखीव दिवस किती ठेवायचे ते त्यावरून ठरतं. बोट रोज असेल तर परतीनंतर एक दिवस मोकळा हवाच. आठवड्यातून दोन-तीनदाच असेल, तर पुढच्या फेरीपर्यंतचे सगळे दिवस राखीव धरा. परतीच्याच संध्याकाळचं विमान किंवा रेल्वे बुक करणं म्हणजे समुद्राशी पैज लावणं.

२. परवानगी आणि जागा

बहुतेक संरक्षित बेटांवर ठरवून दिलेल्या जागीच तंबू लावता येतो आणि त्याचं आरक्षण वेगळं असतं. स्कॉटलंडसारखे अपवाद आहेत. तिथे २००३च्या जमीनसुधारणा कायद्याने लोकांना जबाबदारीने कुठेही फिरण्याचा आणि साधा तंबू टाकण्याचा हक्क दिला आहे. पण एका देशाचा नियम दुसरीकडे लावू नका. एकाच देशातल्या दोन बेटांचे नियमसुद्धा वेगळे असतात.

सापळा असा: मुक्कामाची परवानगी मिळाली म्हणजे बोटीत जागा मिळाली असं नाही, आणि बोटीचं तिकीट काढलं म्हणजे परवानगी मिळाली असंही नाही. दोन्ही खिडक्या शेजारीशेजारी उघडा, दोन्हीकडे तारखा शिल्लक असल्याची खात्री करा आणि जिथे जागा कमी आहेत तिथले पैसे आधी भरा. जे रद्द केल्यावर पैसे परत मिळतात ते दुसऱ्या क्रमांकावर चालेल.

त्याच बैठकीत नियमांचं पान शेवटपर्यंत वाचा. उघड्यावर शेकोटी चालते का, ड्रोन चालतो का, कुत्रा चालतो का (आइल रॉयलवर पाळीव प्राण्यांना बंदी आहे), पक्ष्यांच्या विणीच्या काळात कुठला किनारा बंद असतो.

आणखी एक गोष्ट विचारा, जी कोणी विचारत नाही: धक्क्यापासून तंबूची जागा किती लांब आणि किती उंच? कॅलिफोर्नियाच्या चॅनेल बेटांपैकी अनाकापावर बोटीतून उतरल्यावर दीडशेहून अधिक पायऱ्या चढाव्या लागतात, आणि वर प्यायला पाणी नाही. म्हणजे पाण्याचा थेंब न् थेंब खांद्यावरून वर न्यायचा.

३. पाण्याचा हिशेब

या पायरीवर कंजुषी करू नका. पिणं आणि स्वयंपाक मिळून माणशी दिवसाला ४ लिटर धरा. उन्हाळा असेल किंवा दिवसभर चालायचं असेल तर त्याहून जास्त. दोन माणसं, तीन दिवस म्हणजे २४ लिटर. त्यात एका राखीव दिवसाचे ८ मिळवले की ३२ लिटर, म्हणजेच ३२ किलो. हा आकडा कागदावर लिहिला की मग बाकीच्या सामानातलं काय गाळायचं ते आपोआप सुचतं.

बेटावर पाणी असेल, तर ते कसलं आहे ते विचारा. नकाशावर ‘पाणी उपलब्ध’ लिहिलेलं असतं, पण त्याचा अर्थ नळ, पावसाच्या पाण्याची टाकी, विहीर किंवा पावसाळ्यापुरता वाहणारा ओहोळ, यातलं काहीही असू शकतं. ‘या महिन्यात तिथे पाणी असतं का, आणि ते तसंच पिता येतं का?’ असं थेट विचारावं.

शुद्धीकरणाबद्दल तीन गोष्टी पक्क्या लक्षात असू द्या. एक, पाणी खळाखळा उकळून एक मिनिट तसंच ठेवलं की रोगजंतू मरतात. हा सगळ्यात खात्रीचा उपाय. दोन, प्रवासात वापरले जाणारे बहुतेक छोटे फिल्टर जिवाणू आणि परजीवी अडवतात, पण विषाणू अडवत नाहीत. उलट क्लोरीनच्या गोळ्या काही परजीवींच्या अंड्यांपुढे निष्प्रभ ठरतात. आइल रॉयलच्या पाण्यात फीतकृमीची अंडी असण्याचा धोका आहे, म्हणून तिथे बारीक छिद्रांच्या फिल्टरने गाळा किंवा उकळा, नुसत्या गोळ्यांवर विसंबू नका, असं सांगितलं जातं. तीन, यांतल्या कुठल्याही उपायाने मीठ जात नाही. किनाऱ्यालगतच्या विहिरीचं पाणी मचूळ लागलं, तर ते कितीही उकळलं तरी मचूळच राहणार.

पाणी एकाच मोठ्या कॅनमध्ये भरू नका. तो गळला किंवा धक्क्यावर आपटला तर सगळं संपलं. चार-पाच मध्यम भांडी बरी, वाहायलाही सोपी. भांडी घासायला समुद्राचं पाणी वापरा, शेवटी फक्त एकदा गोड्या पाण्याने विसळा.

सुक्या, पाणी घालून शिजवायच्या पाकिटांबद्दलही एक भ्रम आहे. ती हलकी असतात म्हणून सगळे नेतात. पण बेटावर पाणी नसेल, तर त्यांना लागणारं पाणी तुम्हीच वाहून नेत असता. अशा ठिकाणी फळं किंवा शिजवलेलं डबाबंद अन्न नेलं तरी वजनात विशेष फरक पडत नाही, आणि गॅस मात्र वाचतो.

४. वारा, लाटा, भरती

नेहमीचा हवामान अंदाज पाऊस सांगतो. बोट बहुतेकदा पावसाने रद्द होत नाही, वाऱ्याने आणि लाटांनी होते. म्हणून खास सागरी अंदाज बघायला शिका. त्यात वारा बहुधा नॉटमध्ये दिलेला असतो (१ नॉट म्हणजे ताशी १.८५२ किमी) किंवा ब्युफोर्ट श्रेणीत. ब्रिटिश नौदलातल्या फ्रान्सिस ब्युफोर्ट यांनी १८०५ मध्ये केलेली ही ० ते १२ अशी मोजपट्टी आजही वापरात आहे. श्रेणी ४ म्हणजे ताशी २० ते २८ किमी वारा. लाटांवर पांढरे तुरे दिसतात, पण बोटी बहुधा चालतात. श्रेणी ६ म्हणजे ताशी ३९ ते ४९ किमी. लहान बोटींच्या फेऱ्या इथे डळमळू लागतात.

लाटांचं गणित आणखी फसवं आहे. शेकडो किलोमीटर दूर झालेल्या वादळाच्या लांबलचक लाटा तुमच्या बेटापर्यंत पोहोचतात, तेव्हा इथे आकाश निळंशार आणि वारा पडलेला असतो. बोट भर समुद्रात ठीक चालते, पण धक्क्याला लागताना वरखाली आपटते, म्हणून कप्तान परत फिरतो. अशा वेळी काठावर ‘एवढ्या छान हवेत बोट का नाही?’ म्हणून चिडलेले लोक हमखास भेटतात. धक्का बेटाच्या कुठल्या बाजूला आहे आणि लाटा कुठल्या दिशेने येणार आहेत, एवढं ताडून पाहिलं तर हा अंदाज तुम्हालाही बांधता येईल.

पुढच्या दहा दिवसांचा अंदाज फक्त कल सांगतो. जायचं की नाही हा निर्णय निघण्याच्या दोन-तीन दिवस आधीच्या अंदाजावर घ्या, आणि त्यात जाण्याचा नव्हे, परतीचा दिवस आधी बघा.

भरती-ओहोटीचं कोष्टक छापून सोबत ठेवा. बहुतेक किनाऱ्यांवर लागोपाठच्या दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटं असतात, म्हणून कालची वेळ आज सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे उधाण आणि अष्टमीच्या सुमाराला भांग, हे माहीत असेलच. पण पाणी एकसारख्या गतीने चढत नाही. सहा तासांच्या भरतीत मधल्या दोन तासांतच जवळपास निम्मं पाणी येतं. किनाऱ्याकिनाऱ्याने खडकांवरून फिरायला गेलेले लोक अडकतात ते याच वेळी. कॅनडातल्या फंडीच्या उपसागरात हा चढउतार १५ मीटरच्याही पुढे जातो. भूमध्य समुद्रात तो बहुतेक ठिकाणी जेमतेम जाणवतो. तुमच्या बेटाचा आकडा किती, ते बघून घ्या.

५. सामान

नियम एकच: सगळं सामान तुम्हाला एकट्याला उचलून, हलत्या बोटीवरून धक्क्यावर देता आलं पाहिजे. चाकांची बॅग घरीच ठेवा. पाठीवरची मोठी पिशवी, आणि बाकीचं हातात धरता येतील अशा घट्ट बांधलेल्या गाठोड्यांत. पिशवीला बाहेर लटकवलेल्या किटल्या आणि चपला बोटीवर देताघेताना हमखास पाण्यात पडतात. प्रत्येक पिशवीच्या आत जाड प्लॅस्टिकची मोठी थैली घाला आणि सामान तिच्यात भरा. बाहेरून घातलेल्या पावसाळी कव्हरने समुद्राचे शिंतोडे थांबत नाहीत, ते खालून शिरतातच.

विमानाने येऊन पुढे बोट घेणार असाल तर स्टोव्हचा गॅसचा डबा विमानात चालत नाही. तो उतरल्यावरच घ्यावा लागतो, आणि बेटावर तो मिळेलच असं नाही. त्यामुळे बोट सुटण्याआधी बंदराच्या गावात अर्धा दिवस हाताशी ठेवा. पॉवर बँकचं उलटं: ती विमानात हातातल्या सामानातच ठेवावी लागते.

कागदपत्रं, छापील आणि फोनमध्येही:

- दोन्ही वेळचं बोटीचं तिकीट
- मुक्कामाची परवानगी आणि आरक्षणाची पावती
- ओळखपत्र, आणि सीमा ओलांडत असाल तर पासपोर्ट
- प्रवास विम्याचा क्रमांक. त्यात बेटावरून उचलून आणण्याचा खर्च येतो का ते तपासून
- नेहमीच्या औषधांची चिठ्ठी, आणि राखीव दिवस धरून औषधं
- भरतीचं कोष्टक आणि बेटाचा नकाशा

हत्यारं आणि साधनं:

- वाऱ्यात टिकेल असा बुटका तंबू, जास्तीच्या दोऱ्या, वाळूसाठी रुंद खुंट्या
- स्टोव्ह, गॅस, दोन लायटर वेगवेगळ्या पिशव्यांत
- डोक्याला लावायची विजेरी, जास्तीचे सेल
- घट्ट झाकणाचा खाण्याचा डबा
- प्रथमोपचाराचं सामान, शिट्टी, चिकटपट्टी
- वाऱ्यापावसाचं जाकीट, मग ऋतू कोणताही असो

निघण्यापूर्वी बुटांच्या तळाची माती आणि पिशव्यांच्या शिवणीत अडकलेल्या बिया झाडून काढा. पिशवीत मुंगी, पाल किंवा उंदराचं पिल्लू नाही ना, हेही बघा. हे हसण्यावारी नेऊ नका. न्यूझीलंडच्या हौराकी आखातातली काही बेटं मोठ्या कष्टाने उंदीरमुक्त केलेली आहेत आणि तिथे जाणाऱ्यांना सामान तपासून, बंद पिशव्यांतच न्यावं लागतं. जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांसाठी एक गाभण उंदरीण पुरेशी असते.

६. बोटीवर

बोट लागत असेल तर गोळी निघण्याआधी अर्धा ते एक तास घ्या; मळमळ सुरू झाल्यावर ती पोटात टिकत नाही. बऱ्याच गोळ्यांनी झोप येते, हे लक्षात ठेवा. बसायला बोटीचा मध्यभाग आणि खालचा मजला बरा, तिथे हेलकावे कमी. नजर क्षितिजावर ठेवा, फोनवर नको.

उतरताना खलाशी जे सांगतील ते निमूट ऐका. बेटावर पाय ठेवल्यावर पहिलं काम: परतीची बोट याच धक्क्यावर येते ना, हे त्यांनाच विचारून घेणं. काही बेटांवर वाऱ्याच्या दिशेप्रमाणे धक्का बदलतो.

७. तंबू कुठे लावायचा

पुळणीवर, पाण्याच्या अगदी काठाशी तंबू छायाचित्रात फार सुंदर दिसतो. वाळलेलं शेवाळ, काटक्या, शिंपले यांची जी ओळ किनाऱ्यावर दिसते, तिथपर्यंत मागच्या भरतीचं पाणी आलेलं असतं. उधाण जवळ असेल तर ते त्याच्याही वर येणार. तंबू त्या ओळीच्या बराच वर, पण वाळूच्या टेकड्यांवरच्या गवतात नको. ते गवतच वाळू धरून ठेवतं आणि पायदळी तुडवलं की मरतं.

वाऱ्याकडे तंबूची अरुंद बाजू करा, दार उलट्या बाजूला. वाळूत साध्या खुंट्या धरत नाहीत. पिशवीत वाळू भरा, तिला दोरी बांधा आणि फूटभर खोल आडवी पुरा. वादळी रात्रीही ही पकड सुटत नाही. कड्याच्या खाली आणि वाळक्या फांद्यांच्या झाडाखाली झोपायचं नाही. प्रकाश असतानाच हे सगळं उरकावं, म्हणून जाताना दुपारनंतरची बोट टाळा.

८. खाणं, प्राणी, घाण

निर्जन बेटावरचे प्राणी माणसाला बिचकत नाहीत. चॅनेल बेटांवरचे डोमकावळे पिशव्यांच्या चेन उघडतात, आणि मांजराएवढे छोटे कोल्हे उरलेलं काम पूर्ण करतात. म्हणून तिथे खाणं ठेवायला पेट्या दिलेल्या आहेत. ऑस्ट्रेलियाच्या क्गारी बेटावर डिंगो, म्हणजे तिथले रानकुत्रे आहेत, आणि तिथे खाणं तंबूत ठेवणं थेट धोक्याचं आहे. टूथपेस्ट, साबण, ओला कचरा हे सगळं खाण्यातच धरा.

कचरा सगळा परत आणायचा, फळांच्या सालींसह. संडास नसेल आणि नियम परवानगी देत असतील तर गोड्या पाण्यापासून किमान ६० मीटर दूर, १५ ते २० सेंटिमीटर खोल खड्डा करा. कागद पुरू नका, पिशवीत परत आणा. खडकाळ बेटावर खड्डाच होत नाही, तिथे मैलाही पिशवीतून परत आणावा लागतो. लिहायला अवघड वाटतं, पण हे आधी ठरवून गेलात तर तिथे ओशाळायला होत नाही.

९. संपर्क

फोन सतत नेटवर्क शोधत राहिला तर एका दिवसात मान टाकतो. विमान मोडमध्ये ठेवा. त्यातही जीपीएस आणि आधी उतरवून घेतलेला नकाशा चालतो. सीमेजवळच्या बेटावर फोन गुपचूप शेजारच्या देशाचा मनोरा पकडतो आणि रोमिंगचं बिल घरी येतं, तेही यानेच टळतं.

नेटवर्क नसलेल्या बेटावर उपग्रहावरून संदेश देणारं यंत्र किंवा आपत्कालीन बीकन सोबत हवं. बीकन ४०६ मेगाहर्ट्झवर उपग्रहांना हाक देतो आणि त्याला मासिक शुल्क नसतं, पण तो तुमच्या नावावर नोंदवलेला पाहिजे. संदेशयंत्राला शुल्क लागतं, मात्र त्यावरून ‘बोट रद्द, आम्ही ठीक’ असं साधं कळवता येतं. बेटांसाठी मला ते जास्त उपयोगी वाटतं, कारण तिथे खऱ्या संकटापेक्षा उशीरच जास्त होतो. हातातला सागरी रेडिओ असेल तर मदतीसाठी वाहिनी १६, जगभर तीच.

किनाऱ्यावरच्या एका माणसाला लेखी द्या: कुठलं बेट, कुठली बोट, कधी परत, आणि किती वेळ खबर मिळाली नाही तर कोणाला फोन करायचा. त्यात राखीव दिवस मिळवायला विसरू नका, नाहीतर बोट एक दिवस लांबली म्हणून शोधपथक निघायचं.

१०. परतीचा दिवस

सकाळी उठल्याबरोबर समुद्र बघा आणि जमल्यास अंदाज मागवा. तंबू सुकवून घडी घाला, पण स्टोव्ह, एक जेवण, जाकीट आणि विजेरी पिशवीत सगळ्यात वर ठेवा. धक्क्यावर दिलेल्या वेळेच्या तासभर आधी पोहोचा, कारण हवा बिघडणार असेल तर कप्तान लवकरही येतो आणि थांबत नाही.

बोट आली नाही, तर ठरलेल्या वेळेनंतर दोन तास तरी धक्का सोडू नका. त्यानंतर बेटावर रखवालदार असेल तर त्याला गाठा. त्याच्याकडे रेडिओ असतो आणि जास्तीच्या रात्रीची नोंदही तोच करतो. नसेल तर घरी संदेश पाठवा, उजेड असेपर्यंत तंबू पुन्हा उभा करा, पाणी मोजा आणि पुढच्या फेरीपर्यंतच्या दिवसांत वाटून घ्या. उरलेलं पाणी ‘आता ओझं कशाला’ म्हणून सकाळीच ओतून मोकळे होणारे पुष्कळ असतात. ते बोट धक्क्याला बांधली गेल्यावर ओता.